सामुदायिक भोजनातील गॅसची जोडणी : हिशेब आणि दक्षता

हैदराबादेत आपल्या समाजाचे एखादे स्वामीवात्सल्य असो, पर्युषणानंतरची पारणी असोत किंवा एखाद्या व्यापारी बंधूच्या घरचे लग्नकार्य असो, पाचशे-हजार पाने वाढण्याचा प्रसंग वर्षातून अनेक वेळा येतो. अशा प्रसंगी डाळ किती, गहू किती, तूप किती, वाढपी किती, या सर्वांचा हिशेब आपण व्यापाऱ्याच्या नजरेने बारकाईने करतो. इंधनाचा हिशेब मात्र ‘दहा सिलिंडर आणून ठेवा’ या एका वाक्यात उरकला जातो. ते सिलिंडर कोठे ठेवावयाचे, एकमेकांना कसे जोडावयाचे, जोडणारा मनुष्य त्या कामातला जाणता आहे की नाही, याची चौकशी बहुधा कोणी करीत नाही. आचारी आपल्यासोबत काही नळ्या घेऊन येतो, त्या जोडतो आणि भट्टी पेटते. भट्टी पेटली म्हणजे जोडणी बरोबर झाली, असा आपला समज असतो. हा समज किती धोक्याचा आहे हे दाखविणे व योग्य पद्धत कोणती ते सांगणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

लाकूडफाटा व कोळसा यांच्या जागी सिलिंडरमधला गॅस येऊन फार काळ लोटलेला नाही. मुंबईत १९५५ च्या सुमारास ‘बर्शेन’ या नावाने हा गॅस मिळू लागला व १९६५ साली इंडियन ऑइलने ‘इंडेन’ बाजारात आणले. आज तो घरोघर आहे. परंतु घरची दोन ज्योतींची शेगडी आणि पाचशे पानांची भट्टी यांत केवळ आकाराचा फरक नाही, जातीचाच फरक आहे. घरी एक सिलिंडर, एक रेग्युलेटर व एक नळी यांवर सर्व भागते. भट्टीला अनेक सिलिंडर एकत्र बांधावे लागतात, आणि धोका नेमका त्या बांधण्यात आहे.

१. सिलिंडर भरलेला असताना ज्योत मंद का होते?

अनेक सिलिंडर जोडण्याची गरज का पडते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. सिलिंडरमध्ये प्रोपेन व ब्यूटेन यांचे मिश्रण दाबाखाली द्रवरूपात भरलेले असते. शेगडीला जातो तो द्रव नव्हे, तर त्या द्रवाच्या पृष्ठभागावरून उठणारी वाफ. द्रवाची वाफ होण्यास उष्णता लागते. एक किलो द्रवाची वाफ होण्यास साधारण ऐंशी-पंच्याऐंशी किलोकॅलरी उष्णता खर्च होते. ही उष्णता तो द्रव स्वतःतून, सिलिंडरच्या पत्र्यातून व भोवतालच्या हवेतून घेतो. आपण वाफ फार वेगाने ओढू लागलो की हवेतून तेवढ्या वेगाने उष्णता मिळत नाही. मग सिलिंडर थंड पडतो, बाहेरून त्यावर दव व पुढे हिम जमते, आतला दाब उतरतो आणि ज्योत मंदावते. त्यातही मिश्रणातला प्रोपेन लवकर उडून जातो व शेवटी ब्यूटेनचे प्रमाण वाढते. ब्यूटेनचा दाब मुळातच कमी असल्यामुळे थंडीच्या सकाळी अर्धवट सिलिंडर अगदीच नरम चालतो.

आपल्या धंद्यातील उपमा द्यावयाची तर, कोठार धान्याने भरलेले आहे पण दार अरुंद आहे. आत शंभर पोती असली तरी तासाला त्या दारातून जेवढी निघतील तेवढीच निघणार. माल कमी आहे म्हणून नव्हे, तर वाट अपुरी आहे म्हणून गाडी खोळंबते.

आपल्याकडे सूर्यास्तापूर्वी पंगत उठली पाहिजे हा नियम असल्यामुळे दुपारनंतर आचाऱ्यावर वेळेचा ताण येतो. त्याच वेळी ज्योत मंदावली की अविचारी उपाय सुरू होतात. कोणी सिलिंडरवर उकळते पाणी ओततो, कोणी तो भट्टीजवळ सरकवितो, कोणी आडवा पाडतो. हे तिन्ही उपाय प्राणघातक ठरू शकतात. सिलिंडर भरताना द्रवाला फुगण्यास जागा असावी म्हणून तो सुमारे ८५ टक्क्यांपर्यंतच भरलेला असतो. बाहेरून तीव्र उष्णता दिली की आतला दाब बेसुमार वाढतो व द्रव फुगून ती राखीव जागाही व्यापतो. सिलिंडर आडवा पाडला तर वाफेऐवजी द्रवच नळीत शिरतो. द्रवाच्या एका मापाची वाफ सुमारे अडीचशे मापे होते. असा द्रव बर्नरपर्यंत पोहोचला म्हणजे ज्योतीचा लोळ पुरुषभर उंच उठतो.

२. प्रथम तासाचा हिशेब

यावरून पहिला नियम निघतो : गॅसचा हिशेब एकूण किलोंवर नव्हे, तर तासाच्या किलोंवर करावा. १९ किलोच्या व्यापारी सिलिंडरमधून सतत काम चालू असता तासाला साधारण अर्धा ते पाऊण किलो वाफ सुखाने मिळते. थोड्या वेळापुरती याहून अधिक मिळेल, पण चार-चार तासांच्या कामासाठी अर्धा किलो धरणेच शहाणपणाचे होय. दुसऱ्या बाजूस, मोठ्या भट्टीचा एक बर्नर तासाला सुमारे एक किलो गॅस खातो. काही बर्नर याहून अधिक खातात, म्हणून निश्चित आकडा बर्नर विकणाऱ्याकडून विचारून घ्यावा.

आता उदाहरण पाहू. तीन भट्ट्यांवर स्वयंपाक व चौथीवर उकाळलेल्या पाण्याचे पातेले, अशा चार मोठ्या ज्योती एकाच वेळी चालावयाच्या आहेत. तासाला चार किलो गॅस लागेल. सिलिंडरमागे अर्धा किलो धरल्यास आठ सिलिंडर एकत्र जोडावे लागतील. चार तासांत प्रत्यक्ष जळणारा गॅस मात्र केवळ सोळा किलो, म्हणजे एका सिलिंडरपेक्षाही कमी! आचारी दोनच सिलिंडर जोडतो, गॅस पुरेल असा त्याचा हिशेब चुकीचा नसतो, तरीही ज्योत मंदावते, आणि मग तो गरम पाण्याकडे वळतो. अपघाताचे मूळ हे असे हिशेबाच्या चुकीत असते.

आठ सिलिंडर म्हणजे १५२ किलो गॅस झाला. ‘गॅस सिलिंडर नियम, २०१६’ यांनुसार एका वेळी एकूण १०० किलोपर्यंतच हा गॅस परवान्याशिवाय बाळगता येतो. त्याहून अधिक साठ्यास विस्फोटक खात्याचा परवाना लागतो. या खात्याचे मुख्यालय नागपूर येथे आहे. म्हणून आपल्या हाती असलेला सोपा मार्ग असा की कामाची विभागणी करावी. पाणी पहाटेच उकळून ठेवावे, ज्या पदार्थांस आधी करून ठेवण्यास हरकत नाही ते आधी करावेत, आणि एका वेळी दोन मोठ्या व एक लहान याहून अधिक ज्योती पेटवू नयेत. मग तासाला अडीच किलो लागतील, पाच सिलिंडर पुरतील, आणि साठा ९५ किलोंवर राहील. एक वेळापत्रक नीट आखले तर तीन सिलिंडरांचा धोका व परवान्याची अडचण, दोन्ही टळतात. आठ ज्योतींची नित्य भोजनशाळा चालवावयाची असेल तर गोष्ट वेगळी. तेथे परवाना घेऊन पक्की जोडणीच करावी.

३. कोणती जोडणी करू नये

बाजारात सर्रास दिसणारी जोडणी अशी असते : दोन-तीन सिलिंडर, प्रत्येकावर घरगुती रेग्युलेटर, त्यांच्या रबरी नळ्या एका ‘टी’मध्ये खुपसलेल्या व तारेने आवळलेल्या. या जोडणीत तीन दोष आहेत.

पहिला दोष असा की कोणतेही दोन रेग्युलेटर अगदी सारख्या दाबाचे नसतात. ज्याचा दाब किंचित अधिक, तो एकटाच गॅस देतो व बाकीचे थांबून राहतात. तो सिलिंडर थंडावला की दुसरा देऊ लागतो. म्हणजे तीन सिलिंडर जोडूनही तिघांचे बळ एकत्र मिळत नाही.

दुसरा दोष दाबाचा. सिलिंडरच्या आत आपल्या हवामानात दर चौरस सेंटिमीटरला पाच-सात किलो दाब असतो, तर घरगुती रेग्युलेटर तो उतरवून सुमारे तीस ग्रॅमवर आणतो. घरगुती रबरी नळी या तीस ग्रॅमसाठी केलेली असते. भट्टीचा बर्नर जोरात चालावा म्हणून आचारी अधिक दाबाचा रेग्युलेटर बसवितो, परंतु नळी तीच ठेवतो. पायलीच्या मापाच्या पिशवीत क्विंटल भरण्यासारखाच हा प्रकार आहे.

तिसरा दोष सर्वांत गंभीर. काही ठिकाणी रेग्युलेटर न लावता सिलिंडर थेट एकमेकांना जोडतात व मध्ये कोणतीही रोधक झडप नसते. अशा वेळी उन्हातला गरम सिलिंडर सावलीतल्या थंड सिलिंडरमध्ये आपला गॅस ढकलतो व तेथे तो पुन्हा द्रव होतो. थंड सिलिंडर मर्यादेबाहेर भरतो. पुढे तोच उन्हात ठेवला तर फुगण्यास जागा नसलेला द्रव काय करील हे सांगावयास नको. शिवाय एक सिलिंडर बदलण्यासाठी काढला तर बाकीच्या सर्वांचा गॅस त्या उघड्या तोंडातून बाहेर येतो.

घरगुती १४.२ किलोचे सिलिंडर सार्वजनिक स्वयंपाकास वापरणे कायद्याने मना आहे, आणि एका सिलिंडरमधून दुसऱ्यात गॅस काढणेही मना आहे. काटकसरीच्या नावाखाली हे दोन्ही प्रकार आपल्या कार्यक्रमांत होऊ देऊ नयेत.

४. योग्य जोडणी

पक्क्या जोडणीस ‘मॅनिफोल्ड’ म्हणतात. तिचा क्रम येणेप्रमाणे असतो. प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी जास्त दाबासाठी केलेली लवचिक नळी, जिला कारागीर ‘पिगटेल’ म्हणतात. तिच्यापुढे एकाच दिशेने गॅस जाऊ देणारी रोधक झडप, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. त्यानंतर हाताने बंद करण्याची झडप. या सर्व वाटा एका जाड, जोडरहित पोलादी आडव्या नळीत येऊन मिळतात. त्या नळीच्या टोकाशी दाब दाखविणारे घड्याळ व त्यानंतर सर्वांसाठी मिळून एक मोठा रेग्युलेटर. तेथून कमी दाबाची पोलादी नळी स्वयंपाकघरात जाते व प्रत्येक बर्नरच्या आधी स्वतंत्र झडप असते.

या रचनेतील तत्त्व ध्यानात घ्यावे. सर्व सिलिंडर एकाच उच्च दाबाच्या नळीत मोकळे होतात, म्हणून सर्वांचे बळ एकत्र मिळते. दाब उतरविण्याचे काम एकाच ठिकाणी होते, म्हणून रेग्युलेटरांची आपसांत ओढाताण नसते. रोधक झडपेमुळे एकाचा गॅस दुसऱ्यात जात नाही, आणि एखादा सिलिंडर काढला तरी बाकीचे बंदिस्त राहतात. नित्य भोजनशाळेत सिलिंडरांच्या दोन ओळी ठेवतात. एक चालू व एक राखीव. चालू ओळीचा दाब उतरला की एका झडपेने दुसरी ओळ सुरू करून पहिलीतील सिलिंडर शांतपणे बदलता येतात.

जोडणी करताना एक गोष्ट विशेष पाहावी. काही व्यापारी सिलिंडर वाफेऐवजी द्रव बाहेर देणारे असतात. ते वाफ करणाऱ्या स्वतंत्र यंत्रासह वापरावयाचे असतात. असा सिलिंडर साध्या ओळीत चुकून जोडला तर थेट द्रव बर्नरकडे जाईल. म्हणून विक्रेत्याकडून माल घेताना हे विचारून घ्यावे. ही सर्व जोडणी गॅस कंपनीच्या अधिकृत विक्रेत्यामार्फत व जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावी. लेख वाचून स्वतः पाना हाती घेऊ नये. आपले काम आहे ते योग्य जोडणी ओळखण्याचे व अयोग्य जोडणीस नकार देण्याचे.

माल ताब्यात घेताना आपण पोते तोलतो, तसाच सिलिंडरही तोलावा. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्यावरच लिहिलेले असते. एकूण वजनातून ते वजा केले की आतला गॅस कळतो. सिलिंडरच्या वरच्या उभ्या पट्टीवर आतल्या बाजूस एक अक्षर व दोन आकडे असतात. ‘ए’ म्हणजे जानेवारी ते मार्च, ‘बी’ म्हणजे एप्रिल ते जून, याप्रमाणे ‘डी’पर्यंत वर्षाचे चार भाग, आणि आकडे म्हणजे वर्ष. ‘बी २८’ याचा अर्थ जून २०२८ पर्यंतच त्या सिलिंडरची चाचणी ग्राह्य आहे. मुदत उलटलेला सिलिंडर परत पाठवावा.

५. जागेची निवड

हा गॅस हवेपेक्षा दीड ते दोनपट जड आहे. तो गळला तर वर उडून जात नाही, धुळीसारखा जमिनीलगत बसतो, पायऱ्यांवरून उतरतो, गटारात व तळघरात साचतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे दोन टक्के झाले की ठिणगीची वाट पाहत असतो. एक किलो गॅसची वाफ जवळजवळ अर्धा घनमीटर होते. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद बंद खोली पेट घेण्याजोगी करण्यास तेवढी पुरे. काही घरांत आता नळाने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो व वर जातो. त्याचा अनुभव सिलिंडरच्या गॅसला लावू नये.

म्हणून सिलिंडर नेहमी इमारतीबाहेर, उघड्या हवेत, सावलीत, सपाट व कठीण जमिनीवर उभे ठेवावेत. भट्टीपासून किमान तीन मीटर दूर असावेत. जवळ गटाराचे तोंड, तळघराची खिडकी, विजेचा फलक अथवा जनरेटर नसावा. बेगमबाजार, उस्मानगंज येथील आपल्या जुन्या वाड्यांत व गोदामांत जागेची टंचाई असते, हे खरे. त्यामुळे जिन्याखालची जागा सोयीची वाटते. ती जागा कधीही वापरू नये. १८ मे २०२५ रोजी चारमिनारजवळ गुलझार हौज येथील एका इमारतीत लागलेल्या आगीत १७ जण मृत्युमुखी पडले. त्या आगीचे कारण स्वयंपाकाचा गॅस नव्हते. परंतु जुन्या बाजारातील अरुंद वाट व एकच जिना यांमुळे आतल्या माणसांची काय गती होते, हे साऱ्या शहराने पाहिले. ज्या वाटेने माणसे बाहेर पडावयाची, त्या वाटेवर गॅस ठेवणे म्हणजे ती वाट स्वतःच्या हाताने बंद करणे होय.

धान्याच्या गोदामाच्या आवारात भोजन असल्यास रिकामी गोणपाटे, सुतळी व तेलाचे डबे सिलिंडरांपासून दूर हलवावेत. कोरडे गोणपाट ठिणगी धरते. तेच ओले करून भट्टीजवळ ठेवले तर लहानशी आग दडपण्यास उपयोगी पडते. कोरड्या पावडरीचे अग्निशामक यंत्र हाताशी असावेच.

६. पेटविण्याचा व विझविण्याचा क्रम

भट्टी पेटविण्यापूर्वी सिलिंडर उघडून प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले तर गळती आहे असे समजावे. काडी लावून गळती शोधण्याची चाल आत्मघातकी आहे. पेटविताना आधी ज्योत बर्नरजवळ धरावी व मग झडप उघडावी. विझविताना आधी सिलिंडरच्या झडपा बंद कराव्यात, नळीतला उरलेला गॅस जळून जाऊ द्यावा व शेवटी बर्नरची झडप बंद करावी. सिलिंडर बदलताना जवळपास एकही ज्योत पेटलेली नसावी.

७. गळती झाल्यास

गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणूनच त्यात उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. तो वास आला की सर्व ज्योती व सिलिंडरच्या झडपा बंद कराव्यात, माणसे मोकळ्या जागेत न्यावीत, आणि विजेचे बटण चालू वा बंद, काहीच करू नये, कारण दोन्हींत ठिणगी पडते. दारे-खिडक्या उघडाव्यात. मदतीसाठी दूरध्वनी करावयाचा तो दूर जाऊन करावा. गॅसगळतीसाठी १९०६ व अग्निशमनासाठी १०१ हे क्रमांक स्वयंपाकघराबाहेर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत. गळणारा गॅस पेटलेला असेल व झडपेपर्यंत हात पोहोचत नसेल, तर ज्योत विझविण्याच्या नादी लागू नये. ज्योत विझली तरी गॅस गळतच राहील व साचून एकदम भडकेल. माणसे दूर न्यावीत व अग्निशमन दलाची वाट पाहावी.

हे वाचून कोणास अतिशयोक्ती वाटेल, तर ८ डिसेंबर २०२२ ची घटना आठवावी. राजस्थानात जोधपूर जिल्ह्यातील भूंगरा गावी लग्नघरात वऱ्हाड जमले असता सिलिंडरमधून गळलेला गॅस पेटला. तीसहून अधिक माणसे दगावली, त्यांत स्त्रिया व मुले होती. आनंदाचे घर काही क्षणांत स्मशान झाले.

८. जबाबदारी कोणाची?

आचारी मजुरीने आलेला, मंडपवाला भाड्याने आलेला, सिलिंडर आणणारा हमाल निघून गेलेला. मग उत्तरदायी कोण? ज्याने पाहुणे बोलाविले तो. माझ्या ओळखीच्या एका कार्यात सांधा गळत असल्याचे तिघांना ठाऊक होते, परंतु प्रत्येकाला वाटले की ते दुसऱ्याचे काम आहे. सुदैवाने पुढचे टळले. म्हणून आपल्या संस्थेच्या प्रत्येक सामुदायिक भोजनासाठी, जसा कोठारावर एक जबाबदार गृहस्थ नेमतात, तसा गॅसवरही एक नेमावा व त्याचे नाव आमंत्रण छापण्यापूर्वी ठरवावे. त्याने पाच गोष्टी कागदावर नोंदवून सही करावी : बर्नरांची संख्या व तासाचा खप, सिलिंडरांची संख्या व एकूण किलो, प्रत्येक सिलिंडरची चाचणीची मुदत, रोधक झडपा आहेत की नाही, आणि साबणाच्या पाण्याची तपासणी किती वाजता केली. या पाचांपैकी एकही रकाना रिकामा असेल तर भट्टी पेटवू देऊ नये, मग पंगतीस उशीर झाला तरी चालेल. पाने वाढण्यास अर्धा तास विलंब झाला म्हणून कोणी आपल्याला दोष देणार नाही. असा एक छापील कागद संस्थेने तयार करून सर्व सभासदांना पुरवावा, अशी माझी कार्यकारी मंडळास नम्र सूचना आहे.